पिवळ्यातलं पिवळं

मेडशीला धन्यकुमारांच्या अंगणात गाडी थांबली आणि केशरीचंद नीट उतरायच्या आत त्यांचा उजवा हात सोयाबीनच्या ढिगात कोपरापर्यंत गेला. आले होते मुलासाठी मुलगी पाहायला. पण दारातच ताडपत्रीवर एवढा मोठा ढीग वाळत घातलेला, त्याला ते तरी काय करणार? धन्यकुमार ओसरीवरून हात जोडून "जय जिनेंद्र" म्हणत उतरले, तोवर होऊ घातलेल्या व्याह्यांनी मूठभर सोयाबीन तळहातावर पसरलं होतं, त्यातला एक दाणा दाताखाली फोडलाही होता. तोंडात दाणा असल्यामुळे त्यांचं "जय जिनेंद्र" कुणालाच कळलं नाही. कळलं ते त्याच्यामागून आलेलं वाक्य.

"अजून एक ऊन लागते याले," असं म्हणून त्यांनी मूठ ढिगावर झटकली आणि मग ते हातपाय धुवायला गेले.

केशरीचंदांची मालेगावच्या बाजारात अडत होती, आणि अडतीपेक्षाही मोठं नाव त्यांच्या नजरेचं होतं. ढीग केवढाही असो, त्यातलं ढेकूळ, काडी, डागी दाणा त्यांना आधी दिसायचा. शेटजींच्या डोळ्यांत चाळणी बसवलेली आहे, असं शेतकरी म्हणायचे आणि शेटजींना ते आवडायचं. खरं सांगायचं तर त्यात त्यांची हुशारी थोडी आणि सवय फार होती. उभं आयुष्य ढिगांसमोर गेल्यावर डोळ्यांनी आपलं आपणच ठरवून टाकलं होतं: पिवळं दिसलं की पुढे चला, ते चांगलंच असतं, काळं, हिरवं, तांबूस दिसलं की थांबा. असलं काही ठरवताना मालकाला विचारायची डोळ्यांना पद्धत नसते.

पंचाईत एवढीच, की हेच डोळे घेऊन ते मुली पाहायला जात. एकीचा दात पुढे आहे, दुसरीचे कान मोठे आहेत, तिसरी चालताना डावा पाय जरा ओढते. त्या सगळ्या मुली आपापल्या घरी सुखाने नांदू लागल्या, आणि केशरीचंदांचा मुलगा मयंक मात्र मेडिकल दुकानाच्या काउंटरमागे तिशी ओलांडून गेला. अशात मालेगावच्या एका पतसंस्थेत नोकरीला असलेली धन्यकुमारांची रिंकू डोकेदुखीच्या गोळ्या घ्यायला त्याच्या दुकानात येऊ लागली. इतकं कुणाचं डोकं दुखत नाही, हे पहिल्यांदा मयंकच्या आईच्या, राजमतीबाईंच्या लक्षात आलं. मयंकने आईला स्पष्टच सांगून टाकलं, की बाबांनी हिच्यातही खोट काढली तर या घरात पुन्हा माझ्या लग्नाचा विषय निघायचा नाही. तो जास्त बोलणारा मुलगा नव्हता, म्हणून तर राजमतीबाईंना धास्ती बसली.

मेडशीच्या वाटेवर गाडीत त्यांनी नवऱ्याला पढवून ठेवलं होतं. "पोरगी आहे ते, पोतं नोहे. एकडाव वर पाहा, हसा अन् हो म्हणा. बाकीचं माह्यावर सोडा."

बाकीचं म्हणजे अंगठी. केशरीचंदांनी होकार दिला की तिथल्या तिथे राजमतीबाईंनी रिंकूच्या बोटात अंगठी घालायची, आणि जैन रीतीप्रमाणे दिवस मावळायच्या आत सगळ्यांनी मिळून जेवायचं, असं दोन्ही घरांचं ठरलेलं होतं. अंगठीला सोनाराने लाल मखमलीची सुरेख डबी दिली होती. पण डबी म्हणजे चोराला आवतण, असं केशरीचंदांचं मत होतं. निघताना त्यांनी अंगठी काढून आपल्याच उजव्या करंगळीत घातली. बोटात असली म्हणजे डोळ्यासमोर राहते, असं ते म्हणाले. करंगळीत ती जरा ढिली होत होती, हे मात्र म्हणाले नाहीत.

ओसरीवरच्या गादीवर बसून पाऊसपाण्याच्या गोष्टी सुरू झाल्या, आणि बोलता बोलता केशरीचंदांच्या अंगठ्याने सहज करंगळी चाचपली. करंगळी होती, अंगठी नव्हती. त्यांनी मांडीखाली पाहिलं, खिशात पाहिलं, मग हळूच अंगणातल्या ढिगाकडे पाहिलं.

"जरा माल पाहून येतो," म्हणत ते उठले. धन्यकुमारांचं गावात किराणा दुकान होतं, शेतीही चांगली होती, आणि आपल्या सोयाबीनचा त्यांना अभिमान होता. मालेगावचा एवढा मोठा अडत्या बसल्या जागेवरून उठून आपला माल पाहायला जातो म्हटल्यावर ते सुखावलेच. तेव्हा सुखावले होते, एवढं लक्षात ठेवायला हवं.

केशरीचंद धोतर सावरून ढिगापाशी बसले आणि शोधू लागले. शोधायची होती अंगठी. दिसलं ते एक ढेकूळ. हाताने ते उचलून बाजूला ठेवलं. मग एक काडी दिसली, मग एक काळा दाणा, मग दोन हिरवे. डोळे इमानदारीने आपलं नेहमीचं काम करत होते आणि हात डोळ्यांच्या मागे चालले होते. सोन्याची अंगठी पिवळी असते, आणि पिवळं दिसलं की पुढे जायचं ही त्या डोळ्यांची जुनी शिस्त. शेटजींना वाटत होतं आपण अंगठी शोधतोय. थोड्याच वेळात त्यांच्या गुडघ्याशी कचऱ्याची एक नेटकी ढिगली उभी राहिली.

तेवढ्यात समोर पाण्याचा गिलास आला. हळदी रंगाची साडी नेसलेली कुणीतरी मुलगी तो धरून उभी होती. केशरीचंदांनी मान वर न करता गिलास घेतला, पाणी नीट गाळलेलं आहे ना एवढं पाहिलं, पिऊन गिलास परत दिला आणि लगेच एक किडका दाणा उचलला.

धन्यकुमार ओसरीवरून पाहत होते. सुखावलेपण ओसरलं होतं. ते खाली आले, कचऱ्याच्या ढिगलीकडे पाहून म्हणाले, की आमच्या मालावर मेडशीत आजवर कुणी बोट ठेवलेलं नाही. केशरीचंद घाईघाईने म्हणाले, की माल चांगला आहे, फारच चांगला आहे. म्हणता म्हणता त्यांच्या हाताने एक खडा काढून ढिगलीवर ठेवला. धन्यकुमारांनी तोंडापेक्षा हातावर विश्वास ठेवला, आणि त्यात त्यांची चूक नव्हती.

आता राजमतीबाई बाहेर आल्या. "अहो, पोरगी पाणी देऊन गेली. तुमी तिच्याकडं पाह्यलंबी नाही. काहून असं करून राह्यले?"

केशरीचंदांनी आवाज एकदम खाली आणला. "अंगठी ढिगात पडली."

राजमतीबाई छातीवर हात ठेवून मटकन ताडपत्रीवर बसल्या. बोटात घालायच्या आधीच मुलीची अंगठी हरवली, हे बाहेर फुटलं तर दोन्हीकडच्या म्हाताऱ्या शकुनाचं काढून बसतील, आणि मग शेटजींनी खोट काढायचीही गरज उरणार नाही. कुणापाशी बोलायचं नाही असं दोघांचं ठरलं, आणि त्याही शोधू लागल्या.

पण राजमतीबाईंचे डोळे त्यांच्या माहेरी, आईच्या सुपासमोर घडलेले. धान्य निवडताना एकही जीव मरता कामा नये, म्हणून लहानपणापासून त्यांना जे हलतं ते आधी दिसायचं. अंगठी काही हलत नाही. हलत होती ती एक लाल मुंगी. राजमतीबाईंनी तिला एका वाळक्या पानावर घेतलं, जपून कुंपणापर्यंत नेलं आणि सोडून आल्या. मग एक हिरवी अळी निघाली. मग पाठीवर ठिपके असलेला एक किडा निघाला, त्यालाही त्या पानावर बसवून पोचवून आल्या. स्वयंपाकघराच्या खिडकीतून रिंकूची आई हे सगळं पाहत होती. विहीणबाई आपल्या धान्यातून जिवंत किडे काढून, सगळ्या गल्लीला दिसतील असे मिरवत नेतायत, असं तिला वाटलं. त्या माउलीने गॅस बारीक केला आणि पदर डोळ्यांना लावला.

आईवडील दोघेही ढिगात का बसलेत, हे पाहायला मयंक आला. त्याच्या कानात सांगितल्यावर तोही बसला. त्याने अंगठी पाहिली होती ती फक्त सोनाराकडे, लाल मखमलीच्या डबीत ठेवलेली, आणि तेव्हापासून अंगठी म्हटलं की त्याच्या डोळ्यांपुढे लालच येत होतं. त्याने मन लावून शोधलं. त्याला खताच्या पोत्याचा एक लाल दोरा सापडला, आणि नंतर तसाच दुसरा.

शेजारचा रामकिसन बैल बांधून परत येत होता. मालेगावचे शेटजी सहकुटुंब ढीग तपासतायत हे त्याने पाहिलं आणि त्याला वाटलं, की आता अडते घरी येऊनच खरेदी करायला लागले. तो धावत घरी गेला आणि रुमालात आपलं सोयाबीन बांधून घेऊन आला. त्याला पाहून आणखी दोघे-चौघे आले. केशरीचंदांपुढे कुणी मूठ धरली आणि त्यांनी पाहिली नाही, असं आजवर झालेलं नव्हतं. अंगठी बोंबलत राहिली आणि शेटजी एकेकाला सांगत सुटले, की याच्यात ओल आहे, त्याच्यात माती आहे, हे पोतं कोपऱ्यात भिजलेलं असन. माणसं नाराज होत होती पण जात नव्हती. शेटजींनी आपल्याही मालातली खोट दाखवावी, म्हणून ती रांगेने उभी राहिली.

याच गर्दीत चहा आला. पुन्हा हळदी रंगाची साडी, पुन्हा पुढे आलेला हात. केशरीचंदांनी कप घेतला. बशीच्या कडेला एक तडा होता तो त्यांना दिसला. कप देणारीने हात मागे घ्यायला जरा जास्तच वेळ लावला, हे काही दिसलं नाही.

"शेटजी, रिंकूनं स्वतः केला चहा," धन्यकुमार शेवटची आशा धरून म्हणाले.

"बशीले तडा गेला," केशरीचंद म्हणाले.

मयंकने डोळे मिटून घेतले. राजमतीबाई पानावर किडा घेऊन कुंपणाकडे निघाल्या होत्या, त्या तिथेच थांबल्या. धन्यकुमार ओसरीच्या पायरीवर जाऊन बसले. आत त्यांच्या बायकोने विचारलं, की पानं वाढायला घ्यायची का, दिवस कलला. त्यांनी नुसता हात हलवला.

असं होता होता ऊन लिंबाच्या शेंड्यावर गेलं. अंधार पडल्यावर जेवण नाही, आणि होकार झाल्याशिवाय जेवण नाही, अशी दोन्हीकडून कोंडी झाली. तेवढ्यात केशरीचंदांच्या कानाशी एक आवाज आला.

"काका, चाळणी देऊ का?"

"दे बाई. लय अक्कलवान आहेस," शेटजी मनापासून म्हणाले. पुढे आलेल्या हातातून त्यांनी चाळणी घेतली, उजेडाकडे धरून तिची जाळी कुठे फाटली आहे का ते पाहिलं आणि चाळायला सुरुवात केली.

चाळणीचा आवाज ऐकला आणि धन्यकुमारांचा तोल सुटला. मुलीच्या बापाने किती सोसायचं यालाही हद्द असते. ते उठून ढिगापाशी आले, आणि रामकिसनच्या रांगेतली माणसं आपोआप मागे सरली.

"शेटजी, पोरगी पसंत नसन तर तसं सांगा," ते म्हणाले. "मालाच्या आडून कायले सांगून राह्यले? तुमी आमच्या दारी पोरगी पाहाले आले. पोरीकडं एक डाव नाही पाह्यलं, अन् चार माणसांत आमच्या घरचा कचरा काढून ठेवला. आमाले समजलं. तुमी या आता."

केशरीचंदांनी वर पाहिलं. पहिल्यांदा त्यांना मयंकचं तोंड दिसलं. हातात दोन लाल दोरे धरून तो उभा होता, आणि लहानपणी जत्रेत चुकला होता तेव्हा जसा दिसला होता तसाच आत्ता दिसत होता. शेटजींना आतून तुटलं. आपण आजवर किती घरांतून असेच उठून आलो, ते त्यांना त्या क्षणी आठवलं. ते चाळणी खाली ठेवून उभे राहिले.

"भाऊ, तुमच्या मालात खोट नाही अन् घरातबी नाही," ते म्हणाले. "खोट माह्यात आहे. पोरीसाठी अंगठी आणली होती. आल्या आल्या ढिगात हात घातला, अन् तिथीच पडली. तवापासून शोधून राह्यलो. तुमाले सांगाची लाज वाटली."

धन्यकुमारांचा राग कुठे ठेवावा ते त्यांना कळेना. मग रामकिसनने बाह्या सरसावल्या, बाकीचेही पुढे झाले आणि दहाबारा हात एकदम ढिगाकडे निघाले.

"कोणी हात नका लावू," रिंकू पायरीवरून म्हणाली.

ती खाली आली आणि तिने आपला हात केशरीचंदांच्या समोर धरला. हातावर तव्याच्या काजळीचा एक बारीक डाग होता. शेटजींना आधी तो दिसला. त्याच्या शेजारची अंगठी मागाहून दिसली.

अंगठी अगदी बेताची बसली होती. केशरीचंदांनी डोळे चोळले आणि पुन्हा पाहिलं.

"तुमी मूठ झटकली ना, तवाच पायरीपाशी येऊन पडली," रिंकू सांगू लागली. "मी दाराआडून पाहून राह्यली होती. हरवू नाही म्हून बोटात घातली. पाणी आणलं तवा दाखवाले हात पुढं केला, तर तुमी पाणी पाह्यलं. चहाच्या वक्ती लय वेळ हात धरला, तर बशी पाह्यली."

"अन् चाळणीच्या वक्ती?" मयंकने विचारलं. त्याला हसू आवरत नव्हतं.

"तवा तं मी नुसतं पाहून राह्यली होती, का दिसते का नाही."

राजमतीबाई पुढे झाल्या. पोरीचं कौतुक करावं की तिला रागवावं, हे त्यांचं ठरत नव्हतं. "कावं बाई, हातानं नाही दिसली तर तोंडानं सांगाचं होतं. आमचा जीव टांगणीले लागला होता अन् तू चहा करून राह्यली होतीस?"

रिंकूने मान खाली घातली, पण बोलायची थांबली नाही. "सांगणार होती काकू, आईची आण. पण आतापर्यंत जे जे पाहाले आले, त्यायनं मले चालाले लावलं. केस सोडाले लावले. एक बाई तं उजेडात नेऊन दात पाहून गेली. हे काका पयलेच असे आले, का ज्यायनं माह्यात काहीच शोधलं नाही. मले वाटलं, असू द्या, तिकडंच शोधू द्या. जेवढा वेळ ढिगात जाते, तेवढी मी वाचली."

हे ऐकून बाकीचे हसले. केशरीचंद हसले नाहीत. डावा पाय ओढणारी ती मुलगी त्यांना आठवली. तिला त्यांनी ओसरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पुन्हा पुन्हा चालायला लावलं होतं, आणि पाय खरंच ओढत होता का, हे आता त्यांना नक्की सांगता आलं नसतं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना आपल्या डोळ्यांची शरम वाटली.

धन्यकुमार आता निवळले होते. त्यांनी लेकीला उजेडात उभं केलं आणि म्हणाले, "आता निवांत पाहून घ्या शेटजी. मांगून म्हणू नका, का धन्यकुमारनं पोरगी दाखवली नाही."

केशरीचंदांनी जमिनीकडेच पाहत मान हलवली. "नाही भाऊ. या नजरेचा मले भरोसा नाही राह्यला. पोरगी पसंत आहे."

मयंक आईकडे पाहू लागला. राजमतीबाईंनी वेळ घालवला नाही. रिंकूच्या बोटातली अंगठी काढली आणि रीत म्हणून पुन्हा तिच्याच बोटात घातली. आतून रिंकूच्या आईने पानं वाढायला घेतल्याचा आवाज आला. ऊन अजून लिंबाच्या शेंड्यावर टिकून होतं आणि सगळ्यांची आत जायची गडबड उडाली.

रामकिसन तेवढा अंगणातच उभा होता. इतरांना पुढे करता करता त्याचाच नंबर यायचा राहिला होता. त्याने रुमाल सोडून सोयाबीनची मूठ शेटजींच्या हातावर ठेवली आणि निकालाची वाट पाहू लागला. केशरीचंदांची नजर सवयीने मुठीकडे वळली. मग त्यांनी डोळे दुसरीकडे केले, मूठ मिटली आणि ती तशीच रामकिसनच्या रुमालात परत सोडली.

"चांगलं आहे. आण मालेगावले," म्हणत ते जेवायला आत गेले.

इतक्या वर्षांत शेटजींनी कुणाच्या मालाला असं एका शब्दात चांगलं म्हटलेलं नव्हतं, तेही न पाहता. रामकिसनला काही ते खरं वाटेना. तो अंगणाच्या कडेला, जिथे थोडा उजेड उरला होता तिथे जाऊन बसला आणि आपलंच सोयाबीन रुमालावर पसरून एक एक दाणा उलटून पाहू लागला.